अंगावरून वारं गेल्यावर हात मागे का राहतो

लकवा होऊन पाच-सहा महिने झालेल्या माणसाला भेटायला जा, चित्र बहुतेक घरांत एकच असतं. माणूस चालायला लागलेला असतो. हातात काठी असेल, पाय थोडा फरफटत असेल, पण बाथरूमपर्यंत, ओटीपर्यंत, फाटकापर्यंत तो जातो. हात मात्र कोपरात वाकून पोटाशी धरलेला, मूठ मिटलेली. घरचे म्हणतात, "पाय आला, पण हात काही येत नाही."

याचं एक कारण रक्तपुरवठ्यात आहे. रक्ताची गाठ सर्वांत जास्त वेळा अडकते ती मेंदूच्या मधल्या धमनीत, आणि ही धमनी मेंदूतला हाताचा व चेहऱ्याचा भाग पोसते. पायाचा भाग मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर असतो. त्याचं रक्त पुढच्या धमनीतून येतं, म्हणून तो पुष्कळदा थोडक्यात वाचतो. शिवाय चालण्याचा बराचसा ताल मणक्यातल्या मज्जारज्जूकडून चालतो. बोटं सुटी सुटी हलवायला मात्र मेंदूतून खाली येणारी ती एकच लांब वाट लागते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, कारण ते आपल्या हातात आहे. एका पायावर चालता येत नाही. बाथरूमला जायचं तर दुबळ्या पायावर भार टाकावाच लागतो, दिवसातून वीस-तीस वेळा. पाणी प्यायला, मोबाइल लावायला, दार उघडायला एक हात पुरतो. पायाची रोज सक्तीची शिकवणी चालू असते आणि हाताला पहिल्या दिवसापासून सुट्टी मिळते.

मेंदू बदलतो, जुळवून घेतो, हे आता सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि ते खरं आहे. पण ते चांगली बातमी म्हणून सांगितलं जातं तिथे गफलत होते. मेंदू जे वारंवार घडतं ते शिकतो. हात वापरला तर वापरणं शिकतो, आणि बाजूला ठेवला तर बाजूला ठेवणंही तितक्याच मन लावून शिकतो.

याचा पक्का पुरावा माकडांवरच्या प्रयोगांतून आला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडाच्या एका हाताच्या फक्त संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. स्नायू हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, म्हणजे हात हलायला हरकत नव्हती. तरी माकडाने तो हात सोडूनच दिला. मग चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा भूक लागलेलं माकड 'गेलेल्या' हाताने खाऊ लागलं. सुरुवातीला काही वेळा प्रयत्न फसला, दुसऱ्या हाताने काम भागलं, आणि 'हा हात चालत नाही' हा धडा पक्का झाला. पुढे हात चालण्याजोगा झाला तरी धडा तसाच राहिला. (मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या टॉब यांच्या प्रयोगशाळेतली माकडं 1981 साली पोलिसांनी ताब्यात घेतली आणि त्यावरून अमेरिकेत प्राण्यांच्या छळाचा मोठा खटला उभा राहिला. हे ज्ञान फुकट आलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवावं.)

त्यातल्याच काही माकडांचा मेंदू बारा वर्षांनी तपासला, तेव्हा हाताच्या संवेदनांची जागा रिकामी नव्हती. चेहऱ्याला स्पर्श केला की ती जागा जागी होत होती. सरकलेली हद्द 10 ते 14 मिलिमीटर होती आणि मेंदूच्या हिशेबात हा मोठाच पल्ला आहे. पडीक वावरात शेजाऱ्याने नांगर घालावा, तसला प्रकार.

लकव्याच्या अधिक जवळचा प्रयोग मेंदू-संशोधक रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांचा, 1996 सालचा. त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या हाताच्या भागात एक छोटी इजा केली. हाताचा बराचसा भाग शाबूत होता. ज्या माकडांना काही सराव दिला नाही, त्यांच्यात हा शाबूत भागही आक्रसला. ज्यांना छोट्या खळग्यातून खाऊची गोळी बोटांनी काढायला लावली, त्यांच्यात तो टिकला, आणि काहींत तर कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरला. म्हणजे लकव्याच्या झटक्यात गेलं ते गेलंच, पण त्यानंतर जे जातं त्यातलं बरंच न वापरल्यामुळे जातं.

आता घरात करायच्या गोष्टींकडे येऊ. सगळ्यात आधी वेळ.

झटका आला त्या दिवशी एकच काम: हॉस्पिटल गाठणं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रक्त बंद असलेल्या प्रत्येक मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. मालिशवाला, पारव्याचं रक्त, गावातलं झाडपाल्याचं औषध यांत ती वेळ गेली की पुढची कसरत दुप्पट होते.

पहिल्या दोन दिवसांत एक खूण बघून ठेवावी. पडलेल्या हाताचं कुठलंही बोट थोडंसं तरी सरळ होतं का, आणि दंड बाजूला किंचित तरी उचलला जातो का? नेदरलँड्समधल्या 188 रुग्णांच्या अभ्यासात, दुसऱ्या दिवशी या दोन्ही गोष्टी थोड्या तरी जमणाऱ्यांत सहा महिन्यांनी हाताला काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता 98 टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांत ती 25 टक्के होती. 25 म्हणजे शून्य नव्हे. पण कोणाला कोणता व्यायाम द्यायचा, हे या खुणेवरून बरंच ठरतं.

मग लगेच, त्याच दिवसापासून हात घासून कामाला लावायचा का? नाही. उत्साही नातेवाईक इथेच चुकतात. उंदरांत इजेनंतर पहिल्या काही दिवसांत दुबळ्या पायावर सगळा भार टाकायला लावला, तर मेंदूतली जखम वाढते. माणसांत अगदी जखम वाढते असं म्हणता येत नाही, पण इशारे आहेत. 2104 रुग्णांच्या 'अॅव्हर्ट' या चाचणीत 24 तासांच्या आत जोरात उठवणं-चालवणं सुरू केलेल्या गटाचा निकाल नेहमीच्या काळजीपेक्षा थोडा खालीच राहिला: चांगले सावरलेले 46 टक्के विरुद्ध 50 टक्के. हाताच्या बाबतीतही, झटक्यानंतर साधारण दहाव्या दिवसापासून फार तीव्र सराव दिलेल्या गटाची सुधारणा 90 दिवसांनी कमी निघाली. पहिल्या आठवड्यात म्हणून थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. दर वेळी पाच-दहा मिनिटं पुरेत.

जोर लावायचा तो त्यानंतर. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 72 रुग्णांच्या चाचणीत सगळ्यांना तेवढाच जादा सराव दिला, 20 तास. फरक होता फक्त तो कधी दिला याचा. सर्वांत जास्त फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलेल्यांना झाला. पहिल्या महिन्यातल्यांना त्याहून कमी, आणि सहा महिन्यांनंतर दिलेल्यांना एवढ्या सरावाने फरक दिसला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पहिल्या महिन्यात फिजिओ रोज येतात, पाहुण्यांची रीघ असते. दुसरा महिना लागला की पैसे आणि उमेद दोन्ही ओसरतात, फिजिओ आठवड्यातून दोनदा होतात, मग बंद. खर्च आखायचाच असेल तर दुसरा आणि तिसरा महिना राखून आखा.

आता किती वेळा. नूडो यांच्या माकडांनी दिवसाला सुमारे 600 वेळा बोटं चालवली होती. माणसांच्या फिजिओथेरपीच्या सत्रांत बसून मोजदाद केली तेव्हा कामासाठी हात चालवण्याची सरासरी निघाली 32. बाकी वेळ ताणणं, गप्पा, बीपी मोजणं यात जातो. तासाभरात 300 वेळा करून घेणं शक्य आहे, हेही दाखवून झालेलं आहे. म्हणून आकडा वहीत लिहा. 'आज व्यायाम झाला' ही नोंद निरुपयोगी, '30 सेकंदांत 7 छोले उचलले' ही नोंद कामाची.

पण नुसत्या आकड्यालाही भुलू नका. झटक्याला सहा महिने उलटलेल्या 85 जणांना एकूण 3200, 6400, 9600 अशा वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या, तर जास्त मात्रेला जास्त फळ आलं नाही. एकच सोपी हालचाल हजार वेळा केली तर मेंदूला शिकण्यासारखं काही उरत नाही. जे जेमतेम जमतं आणि अधूनमधून फसतं, तेच शिकवतं. दहांत सहा-आठ वेळा जमेल इतकी अडचण ठेवायची. दहापैकी दहा जमलं की एकच गोष्ट अवघड करायची. दोन नाहीत, एकच.

उदाहरण घेऊ. टेबलावर एक ताट, त्याच्या पलीकडे वाटी. ताटातल्या वस्तू उचलून वाटीत टाकायच्या. 30 सेकंदांची एक खेप, अशा दहा खेपा, मधे तेवढीच विश्रांती. आधी लिंबू. लिंबू सहज जायला लागलं की सुपारी, मग छोले, मग शेंगदाणे, शेवटी मूग. वस्तू लहान केली त्या दिवशी वाटी लांब न्यायची नाही. अंतर वाढवायचं तर वस्तू तीच ठेवून वाटी चार बोटं पुढे. उंची वाढवायची तर वाटीखाली वही. आणि लक्ष ठेवा 'सोडण्या'वर. लकव्यानंतर पकडणं लवकर येतं, सोडणं उशिरा. बोटं मिटतात पण उघडत नाहीत. म्हणून वाटीत टाकताना बोटं झटकून नव्हे, उघडून टाकली की ती खेप मोजायची.

याच कारणाने रबरी चेंडू दाबत बसण्याचा सल्ला मला पटत नाही. हात कडक होऊन मूठ मिटायला लागलेल्या माणसाला मिटण्याचा सराव कशाला? त्याला उलटं हवं: कपड्यांचा चिमटा उघडणं, पत्ते एकेक करून उलटे टाकणं, टेबलावर पसरलेलं फडकं तळव्याने पुढे सरकवत बोटं पसरणं, कॅरमची सोंगटी टिचकीने उडवणं. कडकपणा फारच असेल तर बोटुलिनमचं इंजेक्शन देतात. त्याने स्नायू काही महिने सैल पडतो, पण त्या काळात सराव केला नाही तर पैसे गेले.

टॉब यांनी माकडांवरून माणसांसाठी जी पद्धत उभी केली, ती म्हणजे चांगल्या हाताला बांधून ठेवणं. तिची मोठी चाचणी अमेरिकेत 222 रुग्णांवर झाली आणि 2006 साली प्रसिद्ध झाली. झटक्याला 3 ते 9 महिने झालेले लोक, दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा, आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. अशा सरावाच्या आधी आणि नंतर डोक्यावरून चुंबकीय ठोके देऊन 13 जुन्या रुग्णांचा नकाशा काढला, तेव्हा दुबळ्या हाताची मेंदूतली जागा जवळजवळ दुप्पट झालेली दिसली.

पण ही पद्धत सरसकट नाही. मनगट वरच्या बाजूला साधारण 20 अंश आणि बोटं 10 अंश तरी सरळ व्हायला हवीत. किमानात किमान अट म्हणजे मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटं 10-10 अंश. घरगुती परीक्षा अशी: टेबलावरचं फडकं कसंही करून उचलता आणि सोडता येतं का? येत नसेल तर चांगला हात बांधून फक्त चिडचिड होईल.

सहा तास घरात कोणाला जमत नाहीत. सौम्य रूप जमतं: आठवड्यातून तीनदा फिजिओबरोबर अर्धा तास, आणि आठवड्याचे पाच दिवस रोज पाच तास चांगल्या हातावर हातमोजा, असे दहा आठवडे. पाच तास निवडावेत ते ज्यात हाताला काम असतं: सकाळचा चहा, आंघोळीनंतरचे कपडे, भाजी निवडणं, दुपारचं खाणं. टीव्हीसमोरचे पाच तास धरू नयेत. त्यासाठी ओव्हनचा जाड हातमोजा चालतो किंवा जुन्या चादरीची दुहेरी पिशवी. बोटं हलली तरी पकड होता कामा नये, आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय झटकन काढता यायला हवी. जिना चढताना, बाथरूममध्ये, गॅसजवळ, चालताना तोल जात असेल तेव्हा ती काढायचीच. पडला तर आधाराला तोच हात आहे. दुबळ्या हाताला गरम-गार कळत नसेल तर चहाचा कप त्या हातात कोमट झाल्यावरच.

सरावातल्या तीन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली धडाची. वस्तू लांब ठेवली की माणूस हात लांब करण्याऐवजी कमरेतून पुढे वाकतो आणि खांदा कानाकडे उचलतो. वस्तू मिळते, घरचे टाळ्या वाजवतात, आणि मेंदू शिकतो ते वाकणं. पाठ असलेल्या खुर्चीत बसवून छातीवरून उपरणं किंवा ओढणी खुर्चीला सैलसर बांधा. पुढे वाकणं थांबलं की कोपर उघडायला लागतं. वस्तू तेव्हा जवळ आणावी लागेल, ती आणा.

दुसरी खांद्याची. झटक्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि दंडाचं हाड खोबणीतून खाली घसरतं. अशा माणसाला काखेत हात घालून किंवा दुबळा हात ओढून उठवलं की खांदा दुखावतो, आणि दुखणारा हात कोणीच वापरत नाही. उठवताना कमरेला पट्टा बांधून तिथे धरा. दाराला दोरी-कप्पी लावून चांगल्या हाताने दुबळा हात डोक्यावर ओढण्याचा व्यायाम घरोघरी चालतो. त्याने खांदेदुखी वाढते, तो काढून टाका. बसताना हात मांडीवरून लोंबू देऊ नका, उशीवर ठेवा.

तिसरी मालिशची. मालिश, तेल, दुसऱ्याने हात हलवून देणं यांनी सांधे आखडत नाहीत, त्यासाठी ते करावं. पण हालचाल शिकायला ती स्वतः योजावी लागते. तासभर मालिश आणि पाच मिनिटं स्वतःची हालचाल, हे प्रमाण उलटं करायला हवं.

बोट अजिबातच हलत नसेल त्यांच्यासाठी आरसा आहे. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या माणसांच्या 'भासणाऱ्या' हाताच्या वेदनांसाठी वापरलेली ही युक्ती 1999 साली लकव्यावर करून पाहिली गेली, आणि पुढच्या चाचण्यांत तिचा मध्यम का होईना, फायदा दिसला. दीड-दोन फुटी आरसा टेबलावर, छातीच्या मध्यरेषेत उभा ठेवायचा. दुबळा हात आरशामागे, चांगला पुढे. अंगठी, बांगड्या, घड्याळ दोन्ही हातांतून काढायचं, नाहीतर भास मोडतो. मग आरशात बघत चांगल्या हाताने सावकाश हालचाली: मूठ उघडणं, मनगट उचलणं, अंगठा प्रत्येक बोटाला लावणं, आणि मागचा हातही तसाच हलतोय असा प्रयत्न. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, निदान चार आठवडे. नजर खऱ्या हाताकडे गेली की ती वेळ धरू नये. उजव्या मेंदूला इजा झालेले काही लोक डाव्या बाजूकडे बघतच नाहीत. त्यांच्यासाठी आधी डावीकडे मान वळवण्याचा सराव, मग आरसा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मेंदूची लवचिकता वाढवेल म्हणून फ्लुऑक्सेटिन 3127 रुग्णांना सहा महिने देऊन पाहिलं. नैराश्य कमी झालं, हातापायांत फरक नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. सिटिकोलीन 2298 रुग्णांत निष्प्रभ ठरलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. त्या दुसरा झटका टाळतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

सरावाच्या टेबलावर जे जमलं ते घरात वापरलं जाईलच असं नाही. टॉब यांच्या पद्धतीत त्यासाठी 30 रोजच्या कामांची यादी असते आणि प्रत्येक कामाला 0 ते 5 गुण: हात किती वापरला आणि किती चांगला वापरला. घरी आपली यादी करा. दिव्याचं बटण, नळ, कडी, टॉवेलने तोंड पुसणं, बाटलीचं झाकण, शर्टाची गुंडी, पोथीचं पान उलटणं, कपड्यांच्या घड्या. आठवड्यातून एकदा गुण मांडायचे, आणि ज्या कामाला 'शून्य' असेल त्यातलं एक पुढच्या आठवड्यासाठी निवडायचं.

डावा हात गेलेल्यांचा प्रश्न वेगळा. जेवण, लिहिणं, नमस्काराला पुढे होणं सगळं उजव्याने भागतं, त्यामुळे डाव्याची सुट्टी लांबते. त्याच्यासाठी दोन हातांचीच कामं शोधा: शेंगा सोलताना शेंग डाव्यात, पोळपाट धरणं, लाटणं, पत्ते पिसणं.

उजवा गेला असेल तर घरचे भरवायला लागतात. मायेपोटीच, पण दिवसातले तीन सराव त्यात बुडतात. गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टरांनी तोंडाने खायला परवानगी दिलेली असली की सुरुवात जाड मुठीच्या चमच्याने शिऱ्यापासून करा. मूठ जाड करायला चमच्याभोवती कापड गुंडाळून वर रबर लावलं की झालं. मग कालवलेला वरणभात, बोटांनी. पोळी अगदी शेवटी, कारण एका हाताने पोळीचा तुकडा तोडताना एका बोटाने पोळी दाबून धरायची आणि त्याच वेळी अंगठा आणि दुसऱ्या बोटाने ओढायची, म्हणजे बोटांना वेगवेगळी कामं एकदम करावी लागतात. ते येईपर्यंत तुकडे करून ताटात ठेवा, पण घास त्यांचा त्यांना उचलू द्या. सांडेल. ताटाखाली वर्तमानपत्र घाला आणि जेवायला वीस मिनिटं आधी बसवा.